उर्वशी बाहेर बसली

“शिवू नका मले. बाहेर बसली मी.”

परात तशीच टाकून उर्वशी अंगणातल्या पोत्यावर जाऊन बसली. चुलीपुढे तिची सासू कांताबाई थिजली.

“अन् हे कणीक?”

“थेही शिवली.”

पाच महिने तिला पाळी नव्हती. आणि आज, तिच्या नवऱ्याला, रवीला दुसरी बायको द्यायला पाहुणे घर पाहायला येणार, नेमकी त्याच सकाळी आली म्हणे.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, अंडाशयात बारीक गाठी आहेत, म्हणून पाळी अडते. गोळ्या नेमानं घेतल्या तर मूल होऊ शकतं. त्या वर्षी पराटीवर बोंडअळी आली, कापसाचा भाव पडला. कांताबाईंनी विचारलं, “औषध पराटीवर मारू का तुह्या पोटात?” रवी तिथेच चपलेचा चिखल काडीनं काढत बसला होता. उर्वशी ते विसरली नव्हती. गावच्या सुना चार दिवस बाहेर बसून पाठ टेकायच्या. हिच्या गळ्यात बारा महिने चूल, शेण आणि वेचणी. वर सासूचं गावभर पालुपद, येतच नाही इले.

पाहुणे आले. पुढची खोली न विकलेल्या कापसानं भरलेली, त्यामुळे त्यांना अंगणातच बसावं लागलं. कांताबाईंनी दुखरे गुडघे धरत चहा आणला. मुलीची आई धुरपताबाई पोत्याकडे पाहून म्हणाली, “हे काहून दूर बसली?”

“बाहेर बसली जी मी,” उर्वशी गोड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

धुरपताबाईनं कप खाली ठेवला. “अन् तुम्ही तं सांगतलं, इले येतच नाही! उद्या इले लेकरू झालं, तं माही पोर का शेण काढाले देऊ?”

रवीनं तोंड उघडलं. उर्वशीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं ते मिटलं. पाहुणे जेवायला थांबले नाहीत. उर्वशीनं पोत्यावर पाय पसरले. मेल्यांची बरी जिरली! कितीतरी दिवसांनी तिला इतकं बरं वाटलं.

दुपारी सासूनं दुरूनच ताट सरकवलं. भाकरीवर तूप होतं.

“खाय माय. आली ना, आता होईल. यवतमाळले जाऊ, गोळ्या आणू.” म्हातारीचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

उर्वशीनं भाकरीवरचं तूप बोटानं बाजूला सारलं. तिला सासूला रडवायचं होतं, असं हसवायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी तिनं न्हाऊन पाळीसाठी घेतलेलं घडीचं कापड खसाखसा धुतलं आणि भर अंगणात तारेवर वाळत घातलं. त्यावर धुवायला एकही डाग नव्हता.

कांताबाईंनी ओट्यावरूनच त्या कापडाला हात जोडले.