घुबडाची जागा आणि माझं हिरवं पाकीट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तैवानच्या दक्षिणेकडे, टेकड्यांमधल्या माजूदेवीच्या देवळात, चहाच्या टेबलाशेजारी मी बसतो. माझ्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट असतं. आमच्याकडे यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून ते ठेवतात. पाकीट हिरवंच हवं आणि ताजंही हवं, नाहीतर आम्ही बिघडतो म्हणे!

माझा जन्म कारखान्यात झाला आणि तारुण्य एका शाळेत गेलं. मुलांनी माझी बटणं बडवली, मग नवे संगणक आले आणि मी कोठीत धूळ खात पडलो. तिथून मला ई-चेनताईने उचलून आणलं. तिला गावकऱ्यांकडून गवती घुबडांच्या नोंदी करून घ्यायच्या होत्या. हे घुबड फार दुर्मीळ, आणि घरटं करतं थेट जमिनीवर, उंच गवतात. ताईकडे पैसा नव्हता, म्हणून यंत्र जुनं, इंटरनेट देवळाचं आणि नोंदींसाठी ऑनलाइन जागा फुकटची. मला मात्र पुन्हा काम मिळालं म्हणून आकाश ठेंगणं झालं होतं.

ताईने प्रत्येकाला बजावलं, "पासवर्ड स्वतःचा ठेवा. कुणाला सांगू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी एकच पासवर्ड ठेवला, माजूदेवीचा वाढदिवस. देवळाचे पुजारी गुन-हो काका येईल त्याला कौतुकाने सांगत, "आमच्यात कुणी विसरतच नाही!" वाढदिवसाची ती तारीख देवळाच्या दारावर लाल दिव्यांनी झगमगत होती.

एकदा अननसाच्या शेतावरून परतताना स्यूलान मावशींना घरटं दिसलं. आत पिल्लं होती. त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, फक्त माझ्यात नोंद केली. काही दिवसांनी लांबलचक कॅमेरा गळ्यात घातलेला एक पाहुणा चहाला टेकला आणि म्हणाला, "ते घुबड बांबूच्या बेटामागेच आहे ना? उद्या आमची सगळी मंडळी येतायत."

मावशींचा चेहरा उतरला. पाहुणा जाताच त्या माझ्याकडे वळल्या. "चहाडखोर मेला! तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं होतं मी? भंगारात घाला याला."

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मला तोंड असतं तर मी रडलो असतो. पण त्याहून मोठी काळजी पिल्लांची होती. एवढी माणसं गवतात शिरली तर ती पायाखाली सापडणार होती.

ई-चेनताई धावत आली. तिने माझ्यात डोकावून पाहिलं. "मावशी, काल तुम्ही तैपेईहून नोंदी उघडल्या होत्या?"

"मी? भाचीच्या लग्नानंतर तैपेईला पाऊल टाकलं नाही मी."

"मग तुमच्या नावाने दुसरंच कुणी आत शिरलंय. पासवर्ड काय ठेवला होता?"

मावशींनी दाराकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. लाल दिवे झगमगत होते.

"आता सगळ्यांना कळणार," मावशी म्हणाल्या. काकांनी मात्र उठून मांडववाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या एकुलत्या रस्त्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जेवणावळीचा मांडव पडला. आमच्याकडे रस्त्यात मांडव पडला की कुणी कुरकुर करत नाही, आणि न जेवता जाणं तर फारच वाईट दिसतं. कॅमेरेवाले आले आणि अडकले.

"कसलं जेवण?" त्यांनी विचारलं.

"बाळं महिन्याची झाली," मावशींनी त्यांच्या हातात लाल रंगवलेली अंडी ठेवली, आमच्याकडे बाळ महिन्याचं झालं की वाटतात तशी.

"कुणाची बाळं?"

"ती झोपलीयत. उठवायची नाहीत. बसा, नूडल्स गार होतायत."

मंडळी खाली मान घालून जेवली आणि कॅमेरे न उघडताच परत गेली. पिल्लं उडेपर्यंत मांडव तिथेच होता. रोज कुणाचं ना कुणाचं जेवण निघत होतं.

ताईने नवी पद्धत बसवली. आता ज्याला त्याला फक्त आपल्याच नोंदी दिसतात, नेमकी जागा झाकलेली राहते, आणि पासवर्डनंतर फोनवर आलेला आकडाही घालावा लागतो. यासाठी जास्तीचा पैसा लागला नाही, फक्त काकांची समजूत घालायला वेळ लागला. त्यांना निदान देवीच्या नवऱ्याचा वाढदिवस तरी हवा होता. "काका, देवीचं लग्नच झालं नव्हतं," ताई म्हणाली.

मित्रांनो, जुन्या यंत्राला टाकून देऊ नका, ते अजून इमानाने राबेल. पण किल्ली दारावर टांगून ठेवलीत, तर हिरवं पाकीटही काही करू शकणार नाही.

परवा मावशींनी माझ्यावरचं शिळं पाकीट काढून ताजं ठेवलं. मला थोपटून म्हणाल्या, "तुझी चूक नव्हती रे." मग मला देवीकडे पाठ करून फिरवलं, म्हणजे तिलाही दिसू नये, आणि नव्या घरट्याची जागा लिहिली. ते घरटं कुठे आहे, हे मात्र मी तुम्हालाही सांगणार नाही.