सातव्या नंबरचा कॉम्प्युटर

मोफतरावांना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. चहा उभ्यानंच घेतला, पेपरातला एकच मथळा तीनदा वाचला, आणि काही कारण नसताना गॅलरीत चार फेऱ्या मारल्या. चार वाजता वाचनालयाच्या समितीची बैठक होती. तिथं त्यांच्या लाडक्या सिस्टीमचा निकाल लागायचा होता.

त्यांचं खरं नाव लोक कधीच विसरले होते. वाचनालयातले अकरा कॉम्प्युटर सांभाळायचे, हे त्यांचं काम. आणि जो भेटेल त्याला धरून सांगायचं, की कॉम्प्युटर चालवायला ती घराघरातली विकतची सिस्टीमच लागते असं थोडंच आहे? हौशी माणसांनी मिळून बांधलेली दुसरी एक आहे. तिच्या आतलं सगळं उघडं. कुणीही बघा, कुणीही दुरुस्त करा! "म्हणजे मोफत ना?" समोरचा विचारायचा. "मोफत नव्हे, मुक्त!" हे चवताळायचे. जितके चवताळले, तितकं ते नाव घट्ट चिकटलं.

आता झालं होतं असं, की विकतच्या सिस्टीमची नवी आवृत्ती वाचनालयाच्या जुन्या यंत्रांना झेपेना. समितीनं अकराही यंत्रं भंगारात काढायचं मनावर घेतलं. मुक्त सिस्टीम याच यंत्रांवर चालते हे दाखवायला मोफतरावांनी गयावया करून तीन महिन्यांची मुदत मिळवली. ग्रंथपालबाईंनी अट घातली, की प्रयोग एकाच यंत्रावर करायचा, खिडकीजवळच्या सात नंबरवर. लोकांना आवडला तर पुढचं बघू.

यांनी सात नंबरवर मुक्त सिस्टीम चढवली आणि हौसेनं पाटी लावली, 'नवी सिस्टीम, वापरून पाहा!' झालं, लोकांनी त्या खुर्चीकडे पाठच फिरवली. रोज येणारे निवृत्त पोस्टमास्तर एकदा बसले आणि दोन मिनिटांत उठले. "अहो, यात काही सापडतच नाही. आपलं जुनंच बरं."

पंधरा दिवस मोफतराव त्या रिकाम्या खुर्चीभोवती घिरट्या घालत राहिले. आणि मग एका सुट्टीच्या दिवशी, किल्ली हातात होती म्हणून, त्यांनी नको तो उद्योग केला. उरलेल्या दहाही यंत्रांवर मुक्त सिस्टीम चढवली, आणि वरून तिला विकतच्या सिस्टीमचं सोंग दिलं. पडद्यावर तेच चित्र, त्याच जागी तीच बटणं, सुरू होताना तोच आवाज.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर तीन नंबरवर बसले. परगावच्या लेकीला तासभर पत्र लिहिलं आणि उठताना म्हणाले, "आज मशीन फक्कड चालतंय. काय केलंत?"

"जरा साफसफाई केली," मोफतराव म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला, की आपण खोटं बोललो हे जिना उतरताना लक्षात आलं. पुढे अडीच महिने पोस्टमास्तर रोज तारीफ करत होते आणि हे रोज साफसफाई सांगत होते.

आज जेवताना त्यांनी हे सगळं थोरल्या बहिणीला सांगून टाकलं. तिचा घास हातातच राहिला.

"अरे, दहा वर्षं माझं डोकं खाल्लंस, हिच्यात लपवाछपवी नाही म्हणून. आणि तूच ती लपवून लोकांच्या गळ्यात मारलीस?"

"पण आवडली ना ताई लोकांना!"

"मग सांग की त्यांना."

सांगणं इतकं सोपं असतं तर माणसाला घाम कशाला फुटला असता?

बैठकीला समितीचे अध्यक्ष, म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर, ग्रंथपालबाई आणि वाचकांच्या वतीनं पोस्टमास्तर होते. अध्यक्षांनी लोकांचे शेरे वाचले. सात नंबरबद्दल एकही शब्द बरा नव्हता. "बाकीची दहा मात्र लोण्यासारखी चालतात, असं सगळ्यांचंच मत आहे," ते म्हणाले. "पण त्यांच्यावरच्या जुन्या आवृत्तीची मुदत संपतेय आणि नवी त्यांना झेपत नाही, त्याला आपला इलाज नाही. शनिवारी सगळीच भंगारात."

"तुम्ही काळजी करू नका हं," ग्रंथपालबाई मायेनं म्हणाल्या. "तुम्हाला पुस्तकांच्या देवघेवीवर घेऊ."

म्हणजे तोंड मिटून बसलं की नोकरी शाबूत. मोफतराव खुर्चीतून अर्धे उठले, पुन्हा बसले. 

"त्या दहांवरही तीच आहे," ते एकदम बोलून गेले. "सात नंबरवरचीच. मीच चढवली, कुणाला न विचारता."

कुणाचा विश्वास बसेना. ते सगळ्यांना तीन नंबरपाशी घेऊन गेले आणि दोन बटणं दाबून सोंग उतरवलं. खाली हुबेहूब सात नंबर! अध्यक्ष आधी हसले, मग गंभीर झाले. बाईंशी बाजूला जाऊन बोलले आणि परत येऊन म्हणाले, "यंत्रं राहतील, हीच सिस्टीम राहील. चालते हे तर लोकांनीच सांगितलंय. पण किल्ल्या द्या. असल्या माणसाच्या हाती आम्हाला काहीच ठेवता येणार नाही, देवघेवसुद्धा नाही."

मोफतराव जिंकले होते. दहा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, आणि त्यांना तोंड लपवावंसं वाटत होतं.

पोस्टमास्तर अजून पडद्याकडेच बघत होते. "म्हणजे लेकीला पत्रं मी हिच्यावरच लिहिली?"

"हो."

"चांगली आहे हो." ते तीन नंबरच्या खुर्चीवर बसले. "मला हाताला धरून शिकवली असतीत तर मी शिकलो असतो. दोनच मिनिटं बसलो, हे खरं. पण तुम्ही तरी परत कुठं बोलावलंत?"

मुक्त सिस्टीमबद्दलच्या कुठल्याही प्रश्नाला मोफतरावांकडे उत्तर तयार असायचं.  आज त्यांनी फक्त किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या हातात दिला आणि पोस्टमास्तरांकडे न बघता जिना उतरले.