नियम तासाचा की सरांचा?

माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पांढरकवड्याहून रोज स्कूटीने केळापूर ओलांडून मी आमच्या शाळेत जाते, एकोणीस वर्षं गणित शिकवते, आणि माझ्या वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येतो, पोरांचा नाही. शाळेच्या भिंतीवर 'शिस्तीचे नियम' मीच रंगवून घेतले होते. एकूण सत्तावीस, आणि सगळ्यांच्या शेवटी 'नये'. धावू नये, ओरडू नये, मधे बोलू नये. एकोणिसावा होता 'भिंतीवर लिहू नये'. तो भिंतीवरच लिहिलेला आहे हे बारा वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा नाही.

तर त्या आठवड्यात सातवीच्या सलोनीने कहर केला. बुधवारी मी गुणोत्तर समजावून सांगत होते आणि ही मुलगी न विचारता, न बोलता सरळ उठली, बाहेर गेली, पाणी पिऊन आली आणि जागेवर बसली. गुरुवारी आभा मॅडम मराठी शिकवत होत्या, तर तिने बसल्या बसल्या नुसता अंगठा तोंडाशी नेऊन दाखवला. 'मला चिडवते की काय?' म्हणून आभा मॅडम रडकुंडीला आल्या. नोकरीला लागून त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. शुक्रवारी रामसिंग सरांनी इतिहासाचा प्रश्न विचारला, तर हिने हात वर न करता जागेवरूनच उत्तर ठोकून दिलं. तीन दिवसांत तीन तक्रारी. मी हेडमास्तरांना म्हटलं, "सर, वडिलांना बोलवा. आत्ताच आवर घातला नाही तर ही पोरगी हाताबाहेर जाईल."

आमचे हेडमास्तर श्रीकृष्ण सर. माणूस इतका मऊ की शिपायालाही 'जरा बघता का' म्हणतो. नको नको म्हणत होते, पण मी ऐकते थोडीच!

सोमवारी सलोनीचे वडील विठ्ठलराव आले. कापसाची वेचणी ऐन भरात, शेतात बाया लावलेल्या, आणि हा माणूस काम सोडून हात जोडून उभा. मी तिन्ही तक्रारी घडाघडा वाचून दाखवल्या. त्यांनी मान खाली घालून ऐकल्या.

"घरी त अशी नाई व्हय थे," ते म्हणाले. "पन इथं तिचं जमूनच नाई राह्यलं, मॅडम. तिचा मामा दिग्रसले असते. तिथली शाळा मोठी हाय. सनवारी येतो, दाखला देऊन द्या."

शाळा सोडल्याचा दाखला! मला एवढं नको होतं. मला फक्त तिने माफी मागायला हवी होती. पण बोलून बसले होते आणि माघार घ्यायची मला सवय नाही.

दुपारी खिचडी वाढणाऱ्या इंदुताई माझ्यापाशी आल्या. "मॅडम, थे पोट्टी चुलीमांगं बसून रडून राह्यली. म्हन्ते, मले मामाकडे नाई जायचं. मैत्रिनी इथं, आई इथं, मी कायले जाऊ?" एवढं बोलून त्या पुन्हा म्हणाल्या, "तिनं केलं तरी काय होतं?"

"विचारा तिलाच," मी म्हटलं, आणि स्वतःवरच चिडले.

दुसऱ्या दिवशी श्रीकृष्ण सरांनी खरंच तिलाच विचारलं. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे शिक्षक ऑफिसात होतो. विज्ञानाचे कपिल सरसुद्धा यवतमाळचं आठवडाभराचं प्रशिक्षण आटोपून परतले होते. सलोनी दारात उभी राहिली, डोळे सुजलेले, वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत.

सरांनी हळूच विचारलं, "बेटा, घाबरू नको. एवढंच सांग. वर्गात तहान लागली तर काय करायचं असतं?"

सलोनीने सरांकडे पाहिलं. मग आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. आणि विचारलं, "कोनाच्या तासाले, सर?"

"म्हणजे?"

"कपिल सरच्या तासाले चुपचाप उठून जायचं. इचारलं त सर म्हन्तात, शिकवन्यात मधमधात बोलू नको. आभा मॅडमच्या तासाले उभं राहून 'मॅडम, पाणी' म्हन्याचं. रामसिंग सरच्या तासाले बोलायचं नाई, अंगठा दाखवायचा." ती थांबली.

"आणि सुनीती मॅडमच्या?" सरांनी विचारलं. सुनीती म्हणजे मी.

"मॅडमच्या तासाले तहान लागू द्याची नाई."

कपिल सर खोकल्यासारखं करून खिडकीकडे वळले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि उत्तर द्यायचं असेल तर?"

तेही तिला पाठ होतं. माझ्याकडे हात वर. कपिल सरांकडे ज्याला येतं त्याने लगेच बोलायचं, त्यांना वर्ग जिवंत लागतो. आभा मॅडमकडे उभं राहायचं. रामसिंग सर नाव घेतील तेव्हाच तोंड उघडायचं. वहीच्या समासापासून चपला कुठे काढायच्या इथपर्यंत पोरीने चार शिक्षकांचे नियम न अडखळता म्हणून दाखवले. आम्हाला एकमेकांचे नियम माहीत नव्हते, तिला सगळ्यांचे माहीत होते.

"मग एवढं येतं तर बुधवारी का उठलीस?" मी म्हटलंच.

"मॅडम, कपिल सर यवतमाळले गेलते ना, म्हून सगळ्यायचे तास बदलले. तास कपिल सरचा होता अन् आलत्या तुमी. पुरा आठवडा तसंच झालं, तास एकाचा अन् शिकवाले दुसरं." तिने बोटावरची रिबीन सोडली. "मले समजलंच नाई, नियम तासाचा असते का सरचा असते."

"सरांचा!" मी म्हटलं.

"तासाचा," त्याच क्षणी कपिल सर म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. श्रीकृष्ण सर सलोनीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा बेटा, खिचडी खाऊन घे." ती गेली. मला शरम वाटली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, आणि चांगलीच वाटली.

मग सर म्हणाले, "शाळा एक, मग नियमही एकच करू या. कमी करू, पण सगळ्यांचे."

सांगायला सोपं! शाळा सुटल्यावर आम्ही दोन दिवस भांडलो. सातवीतल्या पोरांनी तसं भांडण केलं असतं तर मी त्यांना अंगठे धरून उभं केलं असतं. हात वर करायचा म्हटल्यावर कपिल सर म्हणाले, वर्गाची स्मशानभूमी होईल. मी म्हटलं, तुमच्या वर्गाचा आठवडी बाजार होतो त्याचं काय? रामसिंग सरांना अंगठा सोडवेना. आभा मॅडमना वाटे की पोरं उभी राहिली नाहीत तर आपल्याला कोणी मानत नाही. दर अर्ध्या तासाने श्रीकृष्ण सर एवढंच विचारत, "हे पहिलीच्या पोराला समजेल का?" आणि आम्ही खोडायला लागायचो.

बुधवारी संध्याकाळी माझ्या सत्तावीस 'नये'वर चुना फिरला. मी तिथे उभी राहून पाहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या जागी चार ओळी आल्या. बोलायचं असेल तर हात वर करून थांबायचं. पाणी प्यायचं असेल तर दाराजवळचा बिल्ला गळ्यात घालून एकेकाने जायचं, विचारायची गरज नाही. ओळीत एक हात अंतर ठेवून चालायचं. कोणी चांगलं वागलेलं दिसलं की तिथल्या तिथे त्याचं नाव घेऊन सांगायचं. खाली सरांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'शाळेत येणाऱ्या सगळ्यांसाठी.'

गुरुवारी अख्ख्या शाळेची तालीम झाली. नियम नुसते सांगून येत नाहीत, पाढ्यांसारखे घोटून घ्यावे लागतात, असं सरांचं म्हणणं. मैदानात पोरांनी बिल्ला घालून पाणी प्यायलं, मग शिक्षकांची पाळी आली. रामसिंग सरांनी कापलेला तो प्लायवूडचा बिल्ला गळ्यात घालून मी नळापर्यंत चालत गेले, तेव्हा पहिलीची पोरं हसून हसून लोळली. दुपारी कपिल सर खिचडीच्या ओळीत मधेच घुसले, तर दुसरीतल्या एका चिमुरडीने त्यांचा शर्ट धरून मागे नेलं. इंदुताईंनी तिथेच पळी वर करून तिचं नाव घेतलं. पोरीची मान दिवसभर ताठ होती.

मला चौथी ओळ जड गेली. रागवायचं म्हटलं तर माझी जीभ आपोआप चालते, कौतुकाला शब्दच सापडेनात. शेवटी सहावीच्या ऋतिकला थांबवून मी म्हटलं, "ऋतिक, तू चपला ओळीत ठेवल्यास. छान केलंस." तो इतका घाबरला की आपल्या चपला पुन्हा जाऊन तपासून आला. पण शुक्रवारी त्याने स्वतःच्याच नाही, सगळ्या वर्गाच्या चपला लावल्या होत्या.

सलोनी मात्र हसत नव्हती. ती बिल्ला घालत होती, हात वर करत होती, सगळं बिनचूक करत होती, आणि शनिवारी आपण जाणार हे तिला माहीत होतं. शुक्रवारी श्रीकृष्ण सर मला म्हणाले, "उद्या विठ्ठलरावांशी मी बोलतो."

"नाही सर," मी म्हटलं. "बोलवून घेतलं मी, बोलेनही मीच."

रात्री जेवण गेलं नाही. चुकलं म्हणायचं कसं, याचा सराव मला कोणी दिला नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा. विठ्ठलराव धुतलेला सदरा घालून आले, दाखल्यासाठी पोरीचं आधार कार्ड पिशवीत घेऊन. मी त्यांना भिंतीपाशीच गाठलं आणि धीर सुटायच्या आत बोलून टाकलं, "विठ्ठलराव, सलोनीची चूक नव्हती. आम्ही प्रत्येकाने वेगळं सांगितलं आणि ती सगळ्यांचं ऐकत होती. चूक आमची होती. तुम्हाला बोलावून तक्रार केली ती मी, म्हणून माझी जास्त. तिला इथून नेऊ नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम," ते म्हणाले, "सोमवारी घरी जाऊन म्या तिले मारलं. थे सांगत होती, म्या ऐकलंच नाई."

तेवढ्यात घंटा झाली आणि मला वर्गावर जावं लागलं. वळून पाहिलं तेव्हा ते भिंतीवरच्या चार ओळी बोट ठेवून वाचत होते.

मी सातवीला गुणोत्तर पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलं. पाच मिनिटं झाली असतील. पोरं दाराकडे बघायला लागली म्हणून मीही पाहिलं. विठ्ठलराव उंबऱ्याबाहेर उभे होते. चपला बाहेर काढलेल्या, पिशवी काखेत, आणि उजवा हात वर. कोणाला हाक नाही, आत पाऊल नाही, नुसते थांबलेले. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे.

"बोला, विठ्ठलराव," मी म्हटलं.

त्यांनी हात खाली घेतला. "मले सलोनीशी बोलायचं होतं." मग एकतीस पोरांसमोर ते आपल्या पोरीला म्हणाले, "बाई, सोमवारी म्या तुले मारलं. तुही चूक नव्हती. माही होती. दिग्रसले नाई जायचं तुले."

सलोनी जागेवर उभी राहिली. ओठ घट्ट आवळून तिने दोनदा मान हलवली. मग तिने हात वर केला.

"बोल, सलोनी."

"मॅडम, चौथ्या नियमानं सांगतो." ती वडिलांकडे वळली. "विठ्ठलराव गुलाबराव ठाकरे, तुमी हात वर करून थांबले. अन् चुकलं म्हन्ले. छान केलं."

मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली आणि अख्खा वर्ग वाजवायला लागला. विठ्ठलराव पिशवीत तोंड खुपसून आधार कार्ड शोधत असल्याचं नाटक करत होते. मी डोळे पुसले, सगळ्यांसमोर पुसले, आणि टाळ्या थांबवायला अजिबात ओरडले नाही.