दोन मुठींची जागा

वसीलानं कोट उलटा केला, काखेतल्या शिवणीला दोन्ही अंगठे लावले आणि ताणून पाहिलं. टाके हलले नाहीत. मग तिनं कॉलर नखानं खरवडली, अस्तराचा वास घेतला. कोळशाच्या रंगाचा, लोकरीचा, कुठल्यातरी थंड देशातल्या बाईनं फार तर दोन हिवाळे घातलेला कोट होता.

“चावूनपण बघ,” मबरूका टेबलापलीकडून म्हणाली. “खरं सोनं दातांना कळतं म्हणतात.”

“दात राहिलेत कुठे?”

“बाकीच्या बायका रंग बघतात. तू आतडी बघतेस. कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली, खोड काही जात नाही तुझी.”

दोघी बावीस वर्षं सूस शहरातल्या एकाच कपड्यांच्या कारखान्यात, एकाच रांगेत, शेजारशेजारच्या मशिनींवर बसल्या होत्या. समुद्रापलीकडच्या बायकांसाठी त्यांनी नवे कोट शिवले. एका सकाळी गेटला कुलूप दिसलं आणि मालकाचा फोन लागेना. मबरूकानं मग भावाचं गॅरेज घेतलं आणि त्याच बायकांचे जुने कोट गठ्ठ्यानं आणून विकायला लागली. यात तिला लाजबीज काही वाटत नसे. वाटायचं ते वसीलाला.

मबरूकाकडे मंगळवारी गठ्ठा फुटायचा. त्या दिवशी भाव चढा. मग रोज थोडा उतरत सोमवारी अगदी तळाला. मंगळवारी डॉक्टरांच्या बायका, शुक्रवारी मास्तरणी, सोमवारी आपण, असा सगळा हिशेब ठरलेला. सोमवारपर्यंत असा कोट शिल्लक राहतो म्हणजे चमत्कारच म्हणायचा.

“चमत्कार कसला,” मबरूका म्हणाली. “मंगळवारी हा पोरांच्या स्वेटरांखाली कुणी पुरला, ते मला दिसलं नाही असं समजू नकोस.”

“मग बोलली का नाहीस?”

“हाजरसाठी आहे ना? म्हणून नाही बोलले.”

हाजर वसीलाची एकुलती एक लेक. गुरुवारपासून ती विमा कंपनीच्या कचेरीत, अगदी पुढच्या टेबलावर बसणार होती. मार्चअखेरपर्यंत चार महिने कामाची परीक्षा, पसंत पडली तर मग कायमच्या नोकरीचा कागद. घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं. हाजरचा बाप कधीच घर सोडून गेला होता. हा कागद झाला तर घर तरणार होतं, नाहीतर पुढे काय ते देवालाच ठाऊक. कोट, दोन पँटी, एक काळा स्कर्ट, तीन ब्लाऊज एवढं वसीलानं मनात पक्कं केलं होतं. सात कपड्यांत महिना निघाला पाहिजे आणि कुणालाही वाटता कामा नये की सातच आहेत.

“मापाला मोठा आहे,” मबरूका कोट घडी घालत म्हणाली. “पोर तर काडी आहे तुझी.”

“तेवढं माझ्यावर सोड.”

दुपारी हाजर कचेरीत कागदांवर सह्या करायला गेली होती. वसीलानं टेबलावरची ऑलिवांची बशी बाजूला सारली, कोट पसरला आणि बाजूच्या शिवणी उसवल्या. लेकीचं माप तिला विचारायची गरज नव्हती. ऑगस्टात तिच्या लग्नाच्या पोशाखासाठी घेतलेला आकडा तोंडपाठ होता. तिनं दोन्ही बाजू आत घेतल्या, पाठीची उभी शिवण आत सरकवली, टीप मारली. मग कात्री उचलली आणि आतली माया बोटभरही न ठेवता कापून टाकली. कारखान्यात तसंच करत. आत कापड राहिलं की बाहेर जाडसर दिसतं आणि माल परत येतो. घरगुती शिंपीण माया ठेवते, कारण अंग वाढतं, काळ बदलतो. वसीला घरगुती शिंपीण नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता.

संध्याकाळी हाजरनं कोट चढवला. खांदा असा बसला की वसीलाला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. मग हाजरनं मधलं बटण लावलं. लागलं ते, पण त्याच्या दोन्ही बाजूंनी आडव्या चुण्या पडल्या.

“श्वास सोड,” वसीला म्हणाली.

“सोडलाय.”

“पोट कशाला फुगवतेस मग?”

“आई, थोडा सैल कर. चुकलं असेल तुझं.”

“माझं?” वसीलानं गळ्यातली टेप काढली. “बावीस वर्षांत एक कोट परत आला नाही माझा.”

तिनं टेप कमरेभोवती फिरवली. ऑगस्टापेक्षा तीन बोटं जास्त. पावानं वाढलेली कंबर चारी बाजूंनी वाढते, तिनं हजार कंबरा पाहिल्या होत्या. ही फक्त पुढून वाढली होती. वसीलानं टेप सावकाश गुंडाळली, अगदी शेवटच्या टोकापर्यंत.

“उसव ना परत,” हाजर खालच्या आवाजात म्हणाली. “आत कापड असेल.”

“नाही. कापलं.”

“सगळं?”

“सगळं.”

हाजर पलंगावर बसली. कोट अंगात तसाच होता.

“कितवा?” वसीलानं विचारलं.

“तिसरा संपतोय.”

“अनीसला ठाऊक आहे?”

“आहे. तो म्हणतो, आईला कसं सांगू.”

अनीसशी तिचं लग्न जुलैत नगरपालिकेत लिहून झालं होतं. वाजतगाजत वरात ऑक्टोबरात निघायची होती. सप्टेंबरात अनीसचे वडील गेले आणि त्याच्या आईनं सांगून टाकलं, वर्षभर या घरात ढोल वाजणार नाही. कागदावर हाजर बायको होती, गल्लीच्या लेखी अजून आईच्या घरची मुलगी. वसीलाला त्याचा राग आला नाही. सही झाली होती. गल्लीला बोलायला विषय लागतोच, हा नसता तर दुसरा मिळाला असता. तिला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची.

“कचेरीत कळलं तर?”

“कुणी काही बोलणार नाही गं. चांगली माणसं आहेत.” हाजर कोटाच्या बाहीवरून हात फिरवत होती. “माझ्याआधी एक मुलगी होती. तिलाही कुणी काही बोललं नाही. पोट दिसायला लागल्यावर बसायला उशी दिली. मुदत संपली तेव्हा म्हणाले, कळवतो. तिचंच टेबल मला मिळालंय.”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती होईना.

“मी दवाखान्यात गेले होते,” हाजर म्हणाली. “बाकावर बसले. नाव पुकारलं. उठले ती थेट बाहेरच आले. मला मूल हवंय, आई. आणि हे कामही हवंय.”

वसीला खाली वाकली. फरशीवर पडलेल्या कोळशी रंगाच्या पट्ट्या तिनं एकेक करून उचलल्या. त्यातली एक लेकीच्या कुशीपाशी, शिवणीवर धरून पाहिली. मग सगळ्या मुठीत चुरगाळल्या.

“चिडलीस माझ्यावर?”

“कात्रीवर चिडलेय,” वसीला म्हणाली. “काढ तो. चुरगळेल.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मबरूकाचं शटर अर्धं वर गेलं तेव्हा वसीला अत्तर लावलेल्या बायकांच्या गर्दीत उभी होती. गठ्ठ्याची दोरी कापली, कपडे टेबलावर ओतले गेले आणि बायका तुटून पडल्या. वसीलानं शिवणी बघितल्या नाहीत, वास घेतला नाही. ती फक्त रुंद कपडे ओढत होती.

“हे काय, सोमवारची बाई मंगळवारच्या भावात!” मबरूका ओरडली. “लॉटरी लागली की काय?”

“कोट हवाय. मोठा, सरळ पडणारा.”

“कुणाला?”

“मला.”

“तुला कुठे काम लागलं?”

“लागेल.”

मबरूका हसणार होती, पण हसली नाही. वसीलानं पिशवीतून कोळशी कोट काढून तिच्यापुढे ठेवला. “हा घे परत. भावात धर.”

मबरूकानं तो उलटा केला, बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. आत काहीच हाताला लागेना, तसा तिचा अंगठा थांबला. तिनं वर पाहिलं, वसीलानं नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यात शेजारच्या एका सडपातळ बाईनं कोट उचलून अंगात घातला. तो तिला असा बसला की दोन-तीन जणी वळून बघायला लागल्या. “अगं बाई, माझ्यासाठीच शिवल्यासारखा!” ती म्हणाली आणि घासाघीस न करता पैसे काढू लागली.

मबरूका टेबलाला वळसा घालून आली. तिच्या हातात गडद निळा, लांबट कोट होता. तो तिनं स्वतःच वसीलाच्या अंगावर चढवला, खालपर्यंत बटणं लावली. मग दोन बटणांच्या मधून हात आत घातला आणि पोटाशी मूठ ठेवली. त्या मुठीवर दुसरी मूठ.

हे माप कुठल्या पुस्तकात नाही. कारखान्यात मात्र नव्या पोरीलासुद्धा ते आठवड्यात कळायचं. देखरेखीवरची बाई रांगेतून फिरायची, तिची नजर मशिनीवर नसायची, पोटावर असायची. एक मूठ जागा असेल तर कामाचा अंगरखा पाचव्या महिन्यापर्यंत निभावायचा, दोन असतील तर सातव्यापर्यंत. हाजर पोटात असताना वसीलानं तिला सात महिने असंच लपवलं होतं. मोठ्या मापाचा अंगरखा तेव्हा गोदामातून मबरूकानंच चोरून आणला होता. आता वाटलं होतं, ते दिवस संपले. लेक शिकली, टेबलावर बसणार, तिला कुणी असं मोजणार नाही.

“कधीपर्यंत?” मबरूकानं कानाशी विचारलं.

“मार्चअखेर.”

मबरूकानं मुठी जराशा हलवून पाहिल्या. “पुरेल. कसाबसा पुरेल.” मग हात काढून घेत ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खांद्यात मोठा होतो बाई तुला! पण थंडीत आतून स्वेटर मावेल, घेऊन टाक!”

भाव तिनं मंगळवारचाच घेतला. चारचौघींत कमी केला असता तर चर्चा झाली असती.

त्या दोन दिवसांत वसीलानं निळ्या कोटाचे खांदे लहान केले, बाह्या आखूड केल्या आणि कंबरेला हातही लावला नाही. स्कर्टचा पट्टा काढून इलास्टिक घातलं, ब्लाऊज बाहेर सोडायचे म्हणून त्यांच्या कडा सरळ केल्या. आतली माया जशीच्या तशी ठेवली; कुठे कुठे तर उलट वाढवली.

गुरुवारी सकाळी हाजर तयार होऊन आरशासमोर उभी राहिली. केस मागे घट्ट बांधले होते. ओठांना हलका रंग लावला होता. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

“कशी दिसते?” तिनं विचारलं.

वसीला तिच्याभोवती फिरली. समोरून पाहिलं, कुशीवरून पाहिलं. खुर्चीत बसायला लावलं, उठायला लावलं, कपाटावरचा डबा काढायला हात वर करायला लावला. डोळे बारीक करून पुन्हा एकदा बाजूनं पाहिलं.

“काहीच दिसत नाही,” ती समाधानानं म्हणाली.

हाजर आरशातून तिच्याकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते वसीलाला तेव्हा कळलं. बावीस वर्षं तिनं परक्या बायका उठून दिसाव्यात म्हणून कोट शिवले होते. लेकीला निदान एक चांगला शब्द द्यावा म्हणून तिनं तोंड उघडलं, पण हात आपसूक कॉलर सारखी करायला गेला.

“मग बरोबर बसलाय,” हाजर म्हणाली आणि पर्स घेऊन बाहेर पडली.