बारावा अंगठा

सुनेत्राला नाही म्हणता येत नसे. सासरी, माहेरी, हार्लेमच्या महाराष्ट्र मंडळात, सगळीकडे या गुणाचं फार कौतुक. कोणी कौतुक केलं की ती लाजायची आणि आणखी एका माणसाला हो म्हणून मोकळी व्हायची. अशा माणसांची मला खरं सांगू का, भीती वाटते. ती स्वतः बुडतातच, वर हात धरून आणखी कोणाला तरी सोबत नेतात.

नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, नोकरीमुळे ती नऊ वर्षांपूर्वी इथे आली. पहिली काही वर्षं डच शिकण्यात आणि सायकलवरून पडण्यात गेली. मग तिने स्वतःचा व्यवसाय काढला: मराठी माणसांसाठी सहली. फक्त बारा माणसं, सकाळी आल्याचा चहा, बॅगेत मेतकूट आणि मार्गदर्शक मात्र तिथला, स्थानिक. पोर्तुगाल झालं, आइसलँड झालं आणि या नाताळच्या सुट्टीत कोस्टा रिका. जंगल, ज्वालामुखी, गरम पाण्याची कुंडं. ती स्वतः जाणार होती, पण नोव्हेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. तिच्या जागी गेली तिची आई.

आई म्हणजे सुहासिनीबाई. वय एकोणसत्तर, पुण्याहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या. "मला कशाला गं ते जंगल?" असं चार वेळा म्हणाल्या आणि पाचव्या वेळी नवे बूट आणायला निघाल्या.

तिथला मार्गदर्शक एस्तेबान. तिशीतला, कमी बोलणारा. दोन व्हॅन होत्या, एकीत सहा, दुसरीत सहा. प्रत्येक थांब्यानंतर हा दोन्ही व्हॅनमध्ये चढायचा, एकेकाचं नाव घ्यायचा, चेहऱ्याकडे बघायचा आणि मगच गाडी सोडायचा. दुसऱ्याच दिवशी टिलबर्गच्या मंजूषाचा फोन आला. नवरा हरीशबरोबर सहलीला आलेली मंजूषा म्हणजे ग्रुपमधलं बडं प्रस्थ. तिच्या एका शब्दावर दहा गिऱ्हाइकं यायची आणि जायची.

"अगं सुनेत्रा, हा माणूस आम्हाला शाळेच्या सहलीसारखं मोजतो. हरीश तर वैतागलाय. आम्ही काय पळून जाणार आहोत?"

सुनेत्राने तोडगा काढला. व्हॉट्सॲपवर ग्रुप होताच. गाडीत बसलं की प्रत्येकाने तिथे अंगठा टाकायचा. बारा अंगठे झाले की निघायचं. एस्तेबानने दोनदा कळवलं, की हे त्याला पसंत नाही, जंगलात तो चेहरा बघतो. तिने दोन्ही वेळा हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, पाहुण्यांची इच्छा आहे. तो गप्प बसला. पैसे घेणाऱ्याने किती भांडावं?

पण अकरा अंगठे यायचे आणि बारावा यायचा नाही. सुहासिनीबाईंना चष्मा सापडला तर फोन सापडायचा नाही आणि फोन सापडला तर तो ग्रुप. त्यांच्यापायी सगळे उन्हात खोळंबले. "काकूंचं जरा बघ हं," असा मंजूषाचा गोड निरोप आला आणि सुनेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता यातली गोम अशी, की आईचं व्हॉट्सॲप सुनेत्राच्या लॅपटॉपवरही चालू होतं. आईचे बँकेचे निरोप, गॅसचा नंबर, भिशीचे फोटो, सगळं तीच बघायची. आपल्याकडे प्रत्येक घरात आईबापांचा फोन असा कोणीतरी चालवत असतंच. त्यात काही गैर आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. तेव्हा तिसऱ्या दिवसापासून अकरा अंगठे झाले, की बारावा सुनेत्रा हार्लेममधून टाकू लागली. आईच्या नावाने.

"बरं झालं बाई," आई फोनवर म्हणाल्या, "माझ्यामागची कटकट गेली."

सहाव्या दिवशी झुलत्या पुलांचा कार्यक्रम होता. तिकडे सकाळचे साडेनऊ, इकडे दुपारचे साडेचार. खिडकीबाहेर डिसेंबरचा उजेड संपत आला होता, कालव्याच्या पाण्याला काळा रंग चढला होता. सुनेत्रा दुखरा पाय खुर्चीवर टाकून पुढच्या सहलीचे ईमेल लिहीत होती. ग्रुपवर अंगठे पडू लागले. अकरा झाले. एस्तेबानने लिहिलं, एकाची वाट बघतोय. तिने ईमेलमधलं वाक्यही अर्धं सोडलं नाही. ते पुरं केलं, मग आईच्या नावाने अंगठा टाकला आणि पुन्हा ईमेलकडे वळली.

पावणेसहाला मंजूषाचा फोन आला.

"सुनेत्रा, काकू तुझ्याशी बोलल्या का गं आत्ता?"

"नाही. का?"

"आम्ही मघाशीच चॉकलेटच्या मळ्यावर पोचलो. त्या आमच्या गाडीत नाहीत. आम्हाला वाटलं दुसऱ्या गाडीत आहेत. त्या गाडीतल्यांना वाटलं आमच्यात. पण पुलांपाशी अंगठा तर त्यांनी टाकलाय, म्हणजे गाडीतळापर्यंत नक्की आल्या होत्या. एस्तेबान लगेच परत गेला बघायला, आम्हीही निघालोय."

सांगायचं ते त्याच क्षणी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, दहा शब्दांचंसुद्धा नाही. ती म्हणाली, "असतील गं तिथेच. बाथरूमला गेल्या असतील."

का म्हणाली? मी तिची वकिली करणार नाही. मंजूषा काय म्हणेल, एस्तेबानने दोनदा बजावलं होतं, उद्या सगळ्या मंडळात बभ्रा होईल, हे सगळं तिच्या डोक्यात एकदम आलं. आणि आई सापडेलच इतक्यात, मग सांगायची गरजच उरणार नाही, हेही आलं. हेच जास्त आलं.

तिकडे गाडीतळावर शोध सुरू झाला. उपाहारगृह, स्वच्छतागृहं, तिकिटाची खिडकी, दुकानं. बाई गाडीतळावर होत्या हे साडेनऊच्या अंगठ्याने सिद्धच केलं होतं, मग जंगलात कोण कशाला बघेल? दहा माणसं त्या डांबरी चौकात फिरत होती आणि सुनेत्रा हार्लेममध्ये बसून ग्रुपवर त्यांचे निरोप वाचत होती. इथे नाही. इथेही नाही.

मग तिच्यासमोरचा लॅपटॉप वाजू लागला.

एस्तेबान आईला फोन करत होता. आईचं खातं, त्यामुळे तिकडे आईच्या फोनला रेंज नसली तरी कॉल इथे वाजणार. टेबलावर, चहाच्या कपाशेजारी त्याचं नाव चमकत होतं आणि घंटी वाजत होती. ती हात मांडीवर धरून बघत राहिली. घंटी थांबली. लगेच ग्रुपवर त्याचा निरोप आला, फोन चालू आहे, रिंग जातेय, त्या जवळपासच असणार. पुन्हा घंटी सुरू झाली. तिला तो आवाज सहन होईना. तिने आईचं खातं लॅपटॉपवरून काढून टाकलं.

दोन मिनिटांत मंजूषाचा निरोप आला. "आत्ता रिंग जाणंच बंद झालं. कोणीतरी फोन बंद केलाय. पोलिसांना बोलावलंय. काकूंना कोणीतरी गाडीतून नेलं असावं असा संशय आहे."

पोलीस आले आणि रस्ते बघू लागले. जंगलापासून आणखी लांब गेले.

जे होतं आहे ते आपणच करतो आहोत, हे सुनेत्राला स्वच्छ दिसत होतं. आता सांगायचं तर अंगठ्याचंच नाही, घंटीचंही सांगावं लागणार होतं. प्रत्येक मिनिटाला सांगणं जड होत होतं. ती रडत होती, देवाला हात जोडत होती, फोन हातात घेत होती आणि खाली ठेवत होती.

सातला दहा मिनिटं असताना श्रीकांत आला. स्टेशनवरून सायकलने येतो, कानटोपी काढायच्या आधीच त्याने तिचा चेहरा पाहिला.

"काय झालं?"

तिने सांगितलं. आई हरवल्याचं सांगितलं, गाडीतळाचं, पोलिसांचं सांगितलं. तो उभ्यानेच ऐकत होता. तिचा रोजचा उद्योग त्याला ठाऊक होता. चहा पिताना त्याने तिला अंगठा टाकताना पाहिलं होतं, आणि हसलाही होता.

"आजचा अंगठा कोणी टाकला?"

तिने लॅपटॉप मिटला.

"सुनेत्रा, ती माणसं गाडीतळावर शोधतायत. आई गाडीतळावर आल्याच नसतील. तू हे त्यांना सांगितलंस का?"

"सापडेल रे ती. मला वाटलं, इतक्यात सापडेल."

"किती वेळ झाला?"

"तास."

त्याने तिचा फोन उचलून एस्तेबानला लावला आणि तिच्या हातात दिला. शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

तिने सगळं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं, घंटीचं सांगितलं, खातं काढून टाकल्याचंही. शेवटी एस्तेबानने एवढंच विचारलं, की मग त्यांना शेवटचं खरोखर कोणी बघितलं? ते त्याच्या शेजारी उभ्या मंजूषाला आठवलं. तिसऱ्या पुलाच्या अलीकडे, आठच्या सुमाराला. काकू कठड्याला टेकून बुटातला खडा काढत होत्या. 'तुम्ही व्हा पुढे,' म्हणाल्या होत्या. म्हणजे गाड्या सुटल्या त्याच्याही दीड तास आधी, आणि आता तिकडे बारा वाजले होते. मधले चार तास कोणाचेच नव्हते.

पाऊण तास गेला. श्रीकांतने दिवा लावला, पाणी आणून ठेवलं. मग फोन वाजला.

त्या सापडल्या होत्या. वाट सोडून घसरल्या होत्या, तिसऱ्या पुलाखालच्या उतारावर झाडाच्या मुळांत अडकल्या होत्या. पाय मोडला होता, डोक्याला मार होता, बरंच रक्त गेलं होतं. शुद्धीवर होत्या, पण मध्येच हरवत होत्या आणि एस्तेबानच्या इंग्रजीला उत्तर देत नव्हत्या. स्ट्रेचर येईपर्यंत त्यांना जागं ठेवायला हवं होतं. तुमच्या भाषेत बोला, असं म्हणून त्याने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"आई. आई, मी आहे."

"सुनू," आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "गाड्या गेल्या गं. खालच्याच रस्त्याने. मला दिसत होत्या. दोन्ही गेल्या."

"आई, आता आलेत ना सगळे. डोळे मिटू नकोस. माझ्याशी बोल."

"हाका मारल्या मी. घसा बसला." मध्ये नुसता श्वास ऐकू येत राहिला. "माझ्याशिवाय कशा गं सोडल्या त्यांनी? त्या मुलाने विचारलं नाही, मी आले का म्हणून?"

त्यांची चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. आईने लेकीच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवला असता. श्रीकांत समोर बसून बघत होता.

"विचारलं होतं त्याने," सुनेत्रा म्हणाली. "मी सांगितलं, तू आलीस."

"तू?"

"मी, आई. इथून. तुझ्या नावाने मी अंगठा टाकला."

पलीकडे काहीच आलं नाही. पानांचा आवाज आला, कोणीतरी स्पॅनिशमध्ये हाका मारत होतं. सुनेत्रा दोनदा आई म्हणाली, तिसऱ्यांदाही म्हणाली. मग एस्तेबान बोलला. स्ट्रेचर आलं आहे, हॉस्पिटल दीड तासावर आहे, तिथून कळवतो. आईंनी तोंड फिरवलं होतं, की त्यानेच फोन काढून घेतला होता, की आई बोलण्यापलीकडे गेल्या होत्या, ते तिला समजलं नाही. तिने विचारलंही नाही. त्याने फोन ठेवला.