उत्तरांचे धडे

धाकटी जपानी शिकायला लागली आणि घरातली बडबड आटली. एरवी तिच्या तोंडाला कडी म्हणून नव्हती. मोबाइलच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकेफोड करून यायची आणि चपला काढता काढता सगळं ओतून मोकळी व्हायची. आता ती कानात इअरफोन घालून भिंतीकडे तोंड करून बसे आणि पुटपुटे. थोरली बहीण धुलाईच्या कारखान्यातून अंगाला वाफेचा वास घेऊन यायची, तरी हिची मान वळायची नाही.

कारण तसं आनंदाचंच होतं. कामगार बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका कचेरीने तिला जपानमधल्या मासे डबाबंद करायच्या कारखान्यात जागा देऊ केली होती. प्रवास त्यांचा, राहायची सोय त्यांची, भाषा शिकवणंही त्यांचंच. अट एवढीच, की कचेरीच्या ॲपवरचे सगळे धडे संपवायचे आणि शेवटची तोंडी परीक्षा पास व्हायची. त्या कचेरीतला एक माणूस अधूनमधून चौकशीला फोन करी. त्याच्या बोलण्यात इतकी साखर असायची, की थोरलीने त्याचं नाव 'मधाचं बोट' ठेवलं होतं.

"ताई, तुझ्या मधाच्या बोटाचा फोन येऊन गेला," धाकटी म्हणायची.

"माझा कसला? तुझा. मला गोड सोसत नाही."

आई गेल्यावर धाकटीला थोरलीनेच वाढवलं होतं. त्यात तिची स्वतःची शाळा राहिली ती राहिलीच. पुढे धाकटीच्या पाटीवर बघून बघून ती अक्षरं शिकली. अजूनही ती अक्षराला अक्षर जोडून वाचायची, आणि वाचून झालं की एकदा मागे जाऊन खात्री करायची. धाकटी परदेशी निघणार म्हटल्यावर हिनेही हट्ट धरला, मी पण शिकणार.

"तू?" धाकटी हसून लोळायची बाकी राहिली. "अगं, तू शिकेपर्यंत मी म्हातारी होऊन परत येईन."

"ये की. तेव्हा निदान दोघी मिळून भांडू जपानीत."

मग धाकटीने आपलाच पासवर्ड घालून तिच्या फोनवरही ते धडे लावून दिले.

धडे होते मोठे चटपटीत. एक पुरुषी आवाज जपानीत काहीतरी विचारी. पडद्यावर एक गोल भरत जाई. तो पुरा भरायच्या आत उत्तर द्यायचं. उत्तराचा अर्थ खाली आपल्या भाषेत लिहिलेला असे: मी ठीक आहे. मला काही त्रास नाही. मी माझ्या मर्जीने आले. प्रश्नाचा अर्थ मात्र कुठेच नसे. वर नुसतं लिहिलेलं, 'हा आवाज आला की हे म्हणा.' धाकटी गोल अर्धा भरायच्या आत उत्तर फेकायची. वर चांदण्या उधळल्या जायच्या, टाळ्या वाजायच्या. थोरलीचं तोंड उघडेपर्यंत गोल भरून लाल झालेला असायचा.

"तुझ्या त्या मास्तराला दम म्हणून नाही," ती कुरकुरायची. "गाडी सुटल्यासारखा विचारतो."

शेवटी तिने आपल्या बुद्धीला झेपेल असं काही शोधलं. फोनवर फुकट काय काय पडलेलं असतं. रेडिओचे धडे सापडले. त्यातला मास्तर म्हाताऱ्या आवाजाचा होता. एकेक शब्द सावकाश सांगायचा, आपल्याला म्हणायला जागा ठेवायचा. एक चित्रांचं ॲप मिळालं. एक शब्दकोश मिळाला, त्याला बोललेलं ऐकवलं की तो अर्थ लिहून दाखवायचा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या बायका पाठ टेकायच्या, तेव्हा ही चादरींच्या गठ्ठ्यावर बसून घोकायची. रेडिओच्या मास्तराने सुरुवातीलाच विचारायला शिकवलं. स्टेशन कुठे आहे? हे केवढ्याला? तुम्ही कोण? मला समजलं नाही, पुन्हा सांगा. मदत करा.

'कुठे' म्हणजे 'दोको', हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. घरी येऊन ऐटीत तिने धाकटीला विचारलं, "सांग बघू, दोको म्हणजे काय?"

धाकटी डोळे मिचमिचवत राहिली. "आमच्यात नाही आलं ते."

"अगं, धडे संपत आले तुझे! तिकडे रस्ता चुकलीस तर विचारशील काय?"

"कंपनीची गाडी असते, ताई. कुठे जायचंय एकटीला?"

थोरलीचं मन मात्र काही गप्प बसेना.

एका सुट्टीच्या सकाळी धाकटी न्हायला गेली होती. थोरलीने तिचा फोन घेतला, त्यावर कचेरीचा धडा लावला, आणि आपल्या फोनवरचा शब्दकोश त्याच्या तोंडाशी धरला. पहिल्यांदा शब्दकोशाने भलतंच काहीतरी लिहिलं. तिने परत ऐकवलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली. तिने ती वाचली, आणि सवयीने मागे जाऊन पुन्हा वाचली.

'तुझा पासपोर्ट कोणाकडे आहे?'

त्याचं पाठ करायचं उत्तर होतं: मीच ठेवायला दिला.

तिने पुढचा प्रश्न ऐकवला. 'घरी शेवटचा फोन कधी केलास?' उत्तर: मला करावासा वाटत नाही. त्याच्या पुढचा. 'हा हात कशाने भाजला?' उत्तर: माझ्याच चुकीने.

न्हाणीघरातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. धाकटी गुणगुणत होती. थोरलीला एक जुनी गोष्ट आठवली. कारखान्यात तिच्या शेजारच्या बाईचा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये गेला होता. तपासणीचे साहेब यायच्या आधी मुकादम त्या बाईच्या खाटेशी बसला आणि त्याने तिच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं. साहेबांनी तोंड उघडताच बाईने ते म्हणून टाकलं. साहेब काय विचारतात ते तिने धड ऐकलंही नव्हतं. खरं काय ते खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे खाली बघत होते.

धाकटी केस पुसत बाहेर आली तेव्हा थोरली तशीच बसलेली. तिने सगळं दाखवलं. धाकटीने वाचलं. क्षणभर तिचा हात थांबला, पण मग तिने टॉवेल झटकला.

"यंत्र आहे ते, काहीही लिहितं. आणि समजा खरं असलं, तरी काय? अपघात होतात, ताई. दवाखान्यात सांगता यायला नको?"

"मग 'दुखतंय' हे का नाही शिकवलं? 'मदत करा' का नाही?"

"तुला मला पाठवायचंच नाही."

"चिमणे, माझं ऐक."

"झालं! लाडाने हाक मारली की समजावं, आता पाय ओढणार." तिचे डोळे भरून आले होते. "मी काय जन्मभर लोकांच्या मोबाइलला काचा चिकटवत बसू?"

थोरलीने तिच्या हातातला टॉवेल घेऊन दोरीवर टाकला. मग ती म्हणाली, "बरं. परीक्षेला बाई असते ना समोर? तिला एक प्रश्न विचार. रेडिओच्या मास्तराचा. तिने नीट उत्तर दिलं तर तुझी बॅग मी भरते. तोंडातून शब्द काढणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

परीक्षा फोनच्या पडद्यावरच झाली. धाकटी कॅमेऱ्यासमोर बसली, थोरली बाजूला भिंतीला टेकून. परीक्षक बाई दिसायला तरुण, आपल्याच भाषेत सूचना देणारी. तीही पूर्वी याच धड्यांमधून तिकडे गेलेली, असं मधाच्या बोटाने कौतुकाने सांगितलं होतं. मागे पांढरा पडदा, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. दर प्रश्नाआधी ती कॅमेऱ्याबाहेर कोणाकडे तरी बघायची. धाकटीची उत्तरं मात्र अशी सुटत होती, की कोणाला वाटावं ही तिकडेच जन्मली.

शेवटचा प्रश्न झाला. धाकटीने थोरलीकडे चोरून पाहिलं आणि हसत हसत विचारलं, "सेन्सेइ, इमा दोको देस् का?" म्हणजे, बाई, आत्ता तुम्ही कुठे आहात?

प्रश्न पुरा व्हायच्या आत बाईंचं उत्तर आलं. "दाइजोबु देस्." मी ठीक आहे. ॲपमधल्यासारखंच, त्याच सुरात.

धाकटीला वाटलं, नीट ऐकू गेलं नाही. तिने सावकाश पुन्हा विचारलं. बाई म्हणाल्या, मी माझ्या मर्जीने आले. जपानीतच म्हणाल्या. चेहरा तसाच होता, पण हातातलं पेन टेबलावर टकटक वाजायला लागलं आणि त्यांनी ते दुसऱ्या हाताने दाबून धरलं.

धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"बाजूला कोण आहे?" बाईंनी आपल्या भाषेत विचारलं. भिंतीशी टेकलेल्या थोरलीचा खांदा पडद्यात आला असावा.

"माझी बहीण. थोरली."

"तीपण येणार आहे?"

"नाही. ती इथेच."

बाई त्या खांद्याकडे बघत राहिल्या. पलीकडे कॅमेऱ्याबाहेर कोणीतरी खाकरलं. मग त्या घाईने, एका दमात म्हणाल्या, "उमेदवार नापास. भाषा अजिबात येत नाही. पाठवण्यालायक नाही." आणि पडदा काळा झाला.

"नापास?" धाकटी उठून उभी राहिली. "एक चूक दाखवावी तिने! एक!"

"खाली बस," थोरली म्हणाली. "तुला कळलं नाही का गं, तिने काय केलं ते?"

धाकटी काळ्या पडद्याकडे बघत राहिली. हळूहळू ती खाली बसली. तेवढ्यात फोन वाजला. मधाचं बोट.

"मॅडम, अगदी मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "मी रेकॉर्डिंग ऐकलं. तुमच्यासारखी उत्तरं आजवर कोणी दिली नाहीत. बाई जरा थकल्यात. आपण पुन्हा परीक्षा घेऊ, समोर दुसरं कोणी बसवू."

"त्या बाई कुठे आहेत?" धाकटीने विचारलं.

पलीकडून तोच गोड आवाज. "त्या ठीक आहेत. त्यांना काही त्रास नाही."

धाकटीने थोरलीचं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम, एक सांगा. हे विचारायचं तुम्हाला कोणी सुचवलं? बाईंनी काही खूण वगैरे केली का?"

"नाही हो!" धाकटी इतक्या जोरात म्हणाली की थोरली दचकली. "माझंच चुकलं. शेवटचं उत्तर मला आलंच नाही."

"आलं की. मी ऐकलं."

"आवाज खरखरत होता, तुम्हाला वाटलं असेल. नाही आलं. बाईंनी बरोबर नापास केलं. आणि मला परीक्षा नको आता. मला यायचंच नाही."

शाळेपासून कधी नंबर न सोडलेली पोरगी, आणि आज नापास व्हायला जिवाच्या आकांताने भांडत होती.

"बरं," तो म्हणाला. राग नाही, आग्रह नाही. "जागेचं काय, भरेल. बाईंना सांगतो, तुम्ही त्यांची आठवणीने चौकशी केलीत म्हणून. बरं वाटेल त्यांना."

"नका सांगू! ऐका..."

फोन बंद झाला होता.

बहिणीचं मनगट न सोडता धाकटीने दुसऱ्या हाताने नंबर पुन्हा लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला, पण बोललं नाही.

"बाईंना काही सांगू नका," धाकटी म्हणाली. "त्यांनी काही केलं नाही. ऐकताय ना?"

पलीकडे श्वास ऐकू येत होता. सावकाश, काहीच घाई नसल्यासारखा.