बाई जागेवर आहेत

मी कायद्यांवर लक्ष ठेवतो. पोलीस वगैरे नाही मी. वकीलही नाही. कॉलेजचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. कॉम्प्युटर शिकलो तो काच फुटलेल्या मोबाईलवर व्हिडिओ बघून, तोही ताईचा.

काम असं आहे. सभागृहाची एक वेबसाईट आहे. कुठलं विधेयक आलं, कुठलं पुढे ढकललं, कुठलं मेलं, सगळं तिथे येतं, पण अशा भाषेत की वाचणाऱ्याला झोप लागावी. मी एक प्रोग्राम लिहिलाय, तो रोज सकाळी तिथे डोकावतो. बायकांशी संबंधित काही हललं की मला कळवतो. मग मी ते साध्या बोलण्यात लिहून ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये शिलाईवाल्या आहेत, नर्सेस आहेत, बँकेतल्या दोघीतिघी आहेत, एक क्रेन चालवते.

ऑफिस वकीलबाईंचं. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. खुर्च्या तीन, त्यातली एक लंगडी. लंगडी माझी.

ग्रुपमधल्या बायकांनी विधेयकांना नावं ठेवलीत. एक आहे 'जावई'. दर अधिवेशनाला येतो, मानपान करून घेतो, काही न करता परत जातो. एक 'लांबची आत्या', निवडणूक जवळ आली की सगळ्यांना तिची आठवण येते. आणि एक 'सही'.

ही गोष्ट सहीची.

आमची ताई नर्स आहे. आई गेली तेव्हा मी पाचवीत होतो, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, पुढे मोडलं, आणि ती लेकीला घेऊन परत आमच्या दोन खोल्यांत आली. लेक म्हणजे बारकी. वय आठ, तोंड ऐंशीचं. कोर्टाने बारकीला ताईकडे दिलंय. पण कायदा असा की मुलाला देशाबाहेर न्यायचं तर आईवडील दोघांची सही पाहिजे. मूल कुणाकडे राहतं, कोण त्याच्या नाकाला रुमाल लावतं, ते कायद्याला विचारायचं नसतं.

ताईला परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. पगार चौपट, राहायला घर, बारकीला शाळा. थंडीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाले.

दाजींना फोन केला की ते म्हणायचे, "बघू."

नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. बघू म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडणार. कोर्टात जायचं तर बारकी स्वतः सही करायच्या वयाची होईपर्यंत तारखाच पडत राहणार, हे वकीलबाईंनीच सांगितलं होतं.

म्हणून ते विधेयक. मूल ज्याच्याकडे राहतं त्याची एकट्याची सही पुरे, एवढंच त्यात होतं. ते मांडणाऱ्या सभासद म्हणजे आमच्या चष्मेवाल्या बाई. साठीच्या पुढच्या, जाड काचा, आवाज शाळेच्या घंटेसारखा. सरकारच्या बाजूच्या नाहीत, मंत्री नाहीत, एकट्याने मांडलेलं विधेयक. असल्या विधेयकांना शुक्रवारचा दिवस असतो. एकेकाचं नाव पुकारतात, त्याने उठून मांडायचं. जागेवर नसेल तर विधेयक गेलं, पुढच्या अधिवेशनापर्यंत.

आणि मागच्या अधिवेशनात नेमकं तेच झालं. नाव पुकारलं, बाई जागेवर नाहीत. मी ग्रुपवर टाकलं: "सही मांडली गेली नाही. सभासद गैरहजर."

ग्रुप पेटला. शिलाईवालीने लिहिलं, "मतं मागायला बऱ्या हजर असतात." ताई घरी येऊन युनिफॉर्मला इस्त्री करत बसली. एकाच बाहीवर इस्त्री फिरवत होती, फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी थेट चष्मेवाल्या बाईंना फोन लावला. स्पीकरवर, मला ऐकू यावं म्हणून.

"नमस्कार. आम्ही तुमच्या नावावर आशा लावून बसलो होतो. तुम्ही कुठे होतात ते विचारू शकते का?"

"संडासात होते," पलीकडून आवाज आला.

वकीलबाईंनी फोन जवळ ओढला.

"सभागृहाच्या मजल्यावर पुरुषांचे दोन आहेत," बाई म्हणाल्या. "आमचा दोन मजले खाली, पार टोकाला, फायलींच्या खोलीपलीकडे. पुरुष सभासद उठतात आणि जांभई पुरी व्हायच्या आत परत येतात. मी या गुडघ्यांनी जाऊन येईपर्यंत माझ्या पुढची तीन विधेयकं उरकली होती. मी दारात आणि विधेयक गेलेलं. सकाळपासून कळ काढून बसले होते हो."

"अहो मग सांगायचं नाही का कुणाला?"

"काय सांगू? संडासामुळे कायदा बुडाला? उद्याच्या पेपरात तेवढंच छापलं असतं."

वकीलबाईंना हसू आवरेना. पलीकडे बाईही हसायला लागल्या. मग दोघी गुडघ्यांवर बोलत बसल्या, कुठलं तेल, कुठला डॉक्टर. मी मधे नुसता बसून. फोन ठेवताना वकीलबाई म्हणाल्या, "या पोराने तुम्हाला गैरहजर लिहिलंय. आता सगळ्यांची हजेरी लिही म्हणते त्याला. गैरहजर कोण असतं ते तरी दिसू दे."

संडासाची गोष्ट वकीलबाईंनी त्याच दिवशी ग्रुपवर सांगितली, बाहेर न्यायची नाही म्हणून बजावून. आणि मी हजेरीचा रकाना सुरू केला. सभागृहाचं थेट प्रक्षेपण असतं, त्यात बाकं दिसतात. मी रोज बघायचो आणि कोण कधी उठून गेलं ते लिहायचो. वेड्याचं काम. बारकी शेजारी बसून मदत करायची. "मामा, तो टकलू गेला." "मामा, तो झोपलाय, तो हजर धरायचा का?"

पुढचं अधिवेशन आलं. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. आमची सही पहिलीच निघाली. ग्रुपमध्ये नुसते नाचणारे फोटो. आणि संध्याकाळी मला चष्मेवाल्या बाईंचा फोन. मला, थेट.

"पोरा, पहिला नंबर म्हणजे सगळे ताजेतवाने बसलेले असणार. विरोधवालेसुद्धा. तू हजेरी ठेवतोस ना? शुक्रवारी जेवणानंतर कोण उरतं?"

मी बघून सांगितलं. जेवणानंतर निम्मी बाकं रिकामी. आणि सहीला ज्यांनी ज्यांनी नाकं मुरडली होती ते तर शुक्रवारी दुपारीच गावाकडच्या गाड्या पकडायचे.

"मग मी शेवटचा नंबर घेते," त्या म्हणाल्या. "ज्याचा शेवटचा आलाय तो माझ्याशी आनंदाने बदलेल. आपल्या बाजूचे पुरेसे मी बसवून ठेवते, रात्री जेवायला घालीन म्हणून सांगितलंय."

"पण बाई, शेवटचा म्हणजे दिवसभर… तुमचं ते…"

"ते तू माझ्यावर सोड. पाणीच पिणार नाही."

तो शुक्रवार. वकीलबाईंच्या खोलीत मी, लंगडी खुर्ची, लॅपटॉप. बारकीला शाळेला सुट्टी, ती जमिनीवर चित्रं काढत होती. ताई ड्यूटीवर होती, पण दर थोड्या वेळाने तिचा मेसेज. नुसतं प्रश्नचिन्ह.

मी ग्रुपवर टाकलं: "बाई जागेवर आहेत."

मधली विधेयकं कधी तासभर चालतात, कधी मांडणाराच नसतो म्हणून फटाफट उडतात. त्यामुळे कधी नंबर लागेल सांगता येत नाही. बाई पाठ ताठ करून बसलेल्या. समोरचा पाण्याचा ग्लास त्यांनी शेजारच्या सभासदाकडे सरकवला.

"बाई जागेवर आहेत. ग्लास सरकवला."

शिलाईवालीने लिहिलं, "मग मीपण पीत नाही." क्रेनवालीने लिहिलं, "मी तर रोजच नाही पीत, वर कुठे जाणार." मग बँकेतलीने लिहिलं, "आमच्यात आहे हो, पण चावी साहेबांकडे." मग एकेक जण सांगायला लागली. कुणाकडे दार लागत नाही, कुणाला पार पेट्रोल पंपावर जावं लागतं. अख्खा ग्रुप त्या दिवशी तहानलेला बसला. वकीलबाई सोडून. त्यांनी माझ्याकडे पाठ करून चहा घेतला.

"आजी, दिसतंय," बारकी म्हणाली.

"हे औषध आहे," वकीलबाई म्हणाल्या.

जेवणाची सुट्टी झाली, बाई उठल्या नाहीत. म्हणजे तेव्हा जाऊन आल्या असतील तर कॅमेरा बंद होता, पण सुरू झाला तेव्हा त्या तशाच, त्याच घडीत, चष्म्यासकट. "बाई जागेवर आहेत." बाकं विरळ होत गेली. बारकी टकलू शोधत होती. "गेला," ती म्हणाली. ताई ड्यूटी संपवून युनिफॉर्मवरच आली, दारातच उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना.

मग एकदम तीन विधेयकं एकापाठोपाठ उडाली आणि नाव पुकारलं.

बाई उठल्या. बाकाला धरून, हळू. विधेयक मांडलं. बोलायला वेळ असतो, त्यांनी चार वाक्यांत संपवलं. मूल ज्याच्या हातचं जेवतं त्याची सही पुरे असावी, त्यातलं एक.

लगेच मंत्री उठले. विषय फार महत्त्वाचा आहे म्हणाले, सन्माननीय सभासदांचं अभिनंदन म्हणाले, सरकार स्वतःच असं विधेयक आणायचा विचार करत आहे, तेव्हा त्यांनी हे मागे घ्यावं.

"संपलं," वकीलबाई पुटपुटल्या. "असंच करतात. मागे घ्यायचं आणि मग कोण आणतंय."

ताईचा हात माझ्या खांद्यावर होता. तो घट्ट झाला.

बाई परत उठल्या. "मंत्रिमहोदय 'बघू' म्हणतायत," त्या म्हणाल्या. "बघू म्हणणाऱ्यांमुळेच हे विधेयक आणावं लागलं. मी मागे घेत नाही. मतदान घ्या. आणि अध्यक्ष महोदय, जरा लवकर घ्या, मला घाई आहे."

सभागृहात हशा झाला. का घाई आहे ते तिथल्या पुरुषांना कळलं नसणार. आमच्या ग्रुपला कळलं.

मतदान झालं. मंत्र्यांनी मागे वळून बघितलं, त्यांच्या मागे रिकामी बाकं. सही पास झाली. अध्यक्ष बाईंचं अभिनंदन करायला वळले तर बाई जागेवर नव्हत्या. कॅमेऱ्यात दाराशी पदराचं टोक तेवढं दिसलं.

मी ग्रुपवर लिहिलं: "सही पास. बाई गैरहजर." मग घरोघरी सगळ्यांनी पाणी प्यायलं असणार. वकीलबाईंनी डोळे पुसले आणि लॅपटॉपवर धूळ फार आहे म्हणून मला झापलं. ताई मात्र खाली जमिनीवर बसली, युनिफॉर्मसकट, आणि बारकीचं डोकं कुरवाळत राहिली.

मी खाली जाऊन तांब्या भरून आणला. उगाच.

खरं सांगायचं तर मला बरं वाटत नव्हतं. वर्षभर मी ज्याच्यामागे धावलो ते झालं, म्हणजे आता घर रिकामं होणार. हे मी आधी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. म्हणजे धरलं होतं, पण बघू म्हणून.

घरी जाताना ताईने विचारलं, "काय झालं तुला?"

"कुठे काय."

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. पाचवीपासून."

मी चालत राहिलो.

"तुला वाटलं असतं तर तू ढिलाई करू शकला असतास," ती म्हणाली. "दाजींसारखं. हो हो करायचं आणि करायचं नाही. मला कळलंही नसतं."

"मला नाही जमत तसं."

"माहितीये. मीच वाढवलंय ना." थोडं पुढे जाऊन म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिक आता. डबा आणून देणारं कोणी नसेल."

बारकी दोघांच्या मधे, दोघांचे हात धरून झोका घेत होती. आमचे खांदे निखळायला आले, पण कुणी तिला थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या सभागृहाने फारशी कटकट केली नाही. पावसाळा सरला तेव्हा कायदा लागू झाल्याचं वेबसाईटवर आलं. प्रोग्रामने मला उठवलं, मी ताईला उठवलं. ती दुपारीच बारकीला घेऊन पासपोर्ट ऑफिसात गेली. खिडकीतल्या माणसाने वडिलांची सही मागितली. ताईने कायद्याचा कागद सरकवला. तो आत गेला, साहेबाला विचारून आला, आणि ताईकडे पेन सरकवला. दाजींचा रात्री फोन आला, मला विचारलं नाही म्हणाले. ताई म्हणाली, "वर्षभर विचारलं हो," आणि बारकीला फोन दिला, बोल बाबांशी म्हणून. पुढे दर रविवारी बोलायचं ठरलं.

चष्मेवाल्या बाईंनी मला फोन करून नवं काम लावलं. रकान्यात एक ओळ वाढव म्हणाल्या: सभागृहाच्या मजल्यावर बायकांसाठी संडास. मी विचारलं, स्थिती काय लिहू. म्हणाल्या, "लिही, पाहणी झाली. पाहणीला पाच पुरुष आले होते." ग्रुपने त्या ओळीचं नाव ठेवलंय 'घाई'.

विमानतळावर मला आत सोडलं नाही. काचेतून बारकीची पाठीवरची पिशवी दिसत होती, मग तीही दिसेना. मी घरी आलो, कुकर लावला, शिट्ट्या मोजायच्या विसरलो.

मग मोबाईल वाजला. ताईचा फोटो. विमानातली खिडकीची जागा, बारकी पट्टा बांधून, पाठ ताठ, तोंड फुगवून बसलेली. समोरच्या फळीवरचा पाण्याचा ग्लास शेजारी ताईकडे सरकवलेला.

खाली ताईने लिहिलं होतं, "बाई जागेवर आहेत."

मी लिहिलं, "पाणी पाजा त्यांना. विमानात आहे सोय."